मी मानलेले आभार

आमच्या संस्थेचे सेक्रेटरी वारले तेव्हा शिरूरच्या एसटी स्टँडपासून कॉलेजच्या फाटकापर्यंत फ्लेक्स लागले होते. शिक्षणमहर्षी, कलेचे आश्रयदाते, वगैरे. शोकसभेत जुनी विद्यार्थिनी म्हणून चार शब्द बोलावेत असं मलाही बोलावणं होतं. मी गेले नाही. त्या दिवशी मी घरी श्रीखंड केलं. चक्का आदल्या दिवशीच, बातमी कळल्याबरोबर टांगून ठेवला होता. नवऱ्यानं विचारलं, आज काय विशेष? म्हटलं, काही नाही, खावंसं वाटलं. त्यानं दोन वाट्या खाल्ल्या, मी तीन.

हे वाचून कुणाला वाटेल, बाई भलतीच खुनशी आहे. आहेच. माझी आत्या म्हणायची, हिच्या मनात गेलेली गोष्ट म्हणजे विहिरीत पडलेली घागर, गळ टाकून काढल्याशिवाय निघायची नाही. आता वय झालं, तरी काही घागरी अजून तळाशी आहेत, आणि त्यांतली एक मी स्वतःच ढकललेली आहे. लिहायचं आहे ते तिच्याबद्दल.

नाव कुणाचंच लिहिणार नाही. ज्या दोन माणसांसाठी लिहितेय त्यांना आपलं नाव पुढं आलेलं आवडायचं नाही. मी ते एकदा माइकवरून पुढं आणलं, त्याचं काय झालं ते येईलच. सेक्रेटरींचं नाव लिहायला मात्र हात शिवशिवतो. पण त्यांचं नाव फ्लेक्सवर पुष्कळ झालं. माझ्याकडून त्यांना फुकटची एक ओळही मिळायची नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. माझं गाव खुटबाव, दौंड तालुक्यात. शिकायला शिरूरला आत्याकडे होते. आत्याचा शेवंतीचा मळा होता आणि कॉलेजला जायच्या आधी फुलं तोडून माझी बोटं हिरवी झालेली असायची. एस. वाय. बी. ए.ला होते. बोलण्यात कुणाला हार जात नव्हते, म्हणून नाटकात घेतलं.

नाटक बसवायचे भूगोलाचे सर. पुण्याहून आलेले, नदीकडच्या आळीत एका खोलीत राहणारे. वर्गात ते नदीची वळणं शिकवत आणि चार वाजले की आम्हाला घेऊन तालमीला उभे राहत. नाटक बसवा असं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं आणि बसवलं म्हणून कुणी शाबासकीही देत नव्हतं. तालमीच्या वेळी ते सगळ्यात लांब जाऊन उभे राहायचे आणि दर दोन वाक्यांनी म्हणायचे, ऐकू आलं नाही. आमची बोली त्यांनी कधी सुधारली नाही. एकदा मी ‘न्हाई’चं ‘नाही’ करून बोलले, तर त्यांनी थांबवलं. तुझी आई कसं म्हणते तसं म्हण, म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या आईच्या बोलण्याला किंमत दिली होती.

दुसरे मामा. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये ते शिपाई होते. सगळं कॉलेज, प्राचार्यसुद्धा, त्यांना मामाच म्हणायचं. मूळचे केंदूरचे. तरणेपणी ते आंबेडकरी जलशाबरोबर गावोगाव हिंडले होते आणि जलशात गॅसबत्त्या सांभाळायचं काम त्यांच्याकडे असे. मला एकदा म्हणाले होते की गाणारा कितीही चांगला असू दे, बत्ती फरफरली की माणसं बत्तीकडे बघतात. लॅब बंद करून घरी जायचं सोडून ते आमच्या तालमीला बसायचे. मेकअप त्यांचा, पडदा त्यांचा, सामानाची बांधाबांध त्यांची. यातलं एकही काम त्यांच्या नोकरीत बसत नव्हतं.

त्या वर्षीची एकांकिका सरांनीच लिहिली होती. दुष्काळी कामावर खडी फोडणारी एक बाई, ती मी. शेवटी सगळे निघून जातात, ती हातोडा मांडीवर घेऊन बसून राहते आणि संध्याकाळ होते. सरांचं म्हणणं असं की संध्याकाळ बटणावर होत नाही. दिवा पट्कन गेला तर लोकांना वाटेल लाइट गेली, आणि शिरूरच्या लोकांना तसं वाटायला वेळ लागत नव्हता. उजेड हळूहळू, दोन मिनिटं उतरत गेला पाहिजे. त्यासाठी डिमर लागतो आणि तो पुण्याच्या थिएटरात असतो.

मामांनी आठ दिवस विचार केला आणि लॅबमध्येच डिमर केला. घागरीएवढी काचेची बरणी, तीत मिठाचं पाणी. शिशाची एक पट्टी तळाला, दुसरी लाकडी दांड्याला बांधून वरून सोडलेली. दिव्याची वायर या दोन पट्ट्यांमधून फिरवलेली. पट्ट्या जवळ असल्या की दिवा लख्ख, वरची पट्टी उचलत गेलं की दिवा मंद होत जायचा. पाणी तापायचं, वाफ निघायची आणि मामा कोरड्या पाटावर उकिडवे बसून तो दांडा इंच इंच वर घ्यायचे. पहिल्यांदा ते जमलं तेव्हा सर मामांच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसले.

बरणी आणि पट्ट्या लॅबच्या होत्या. लॅबचा एक न लिहिलेला नियम होता. काय बाहेर गेलं हे तोंडानं बोलायचं नाही, जसं गेलं तसं परत जागेवर आलं की झालं. लॅबच्या प्रमुखांना मामांनी विचारलं तर ते म्हणाले, न्या, पण मला सांगू नका. सगळ्या कॉलेजच्या लॅबा अशाच चालत. मला हे माहीत होतं. माहीत असून मी जे केलं ते केलं.

आता सेक्रेटरी. कॉलेजचा हॉल लग्नाला मिळायचा, सोसायटीच्या सभेला मिळायचा, नाटकाला मिळायचा नाही. किल्ली त्यांच्या घरी. सर तीनदा गेले, तीनदा चहा पिऊन परत आले. म्हणून आमच्या तालमी लॅबच्या व्हरांड्यात व्हायच्या, सडक्या अंड्यासारख्या वासात. एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ सोडलं असतं. पण एका बाजारच्या दिवशी त्यांनी आत्याच्या यजमानांना चारचौघांत गाठलं आणि तुमची भाची पोरांबरोबर नाटकात नाचती म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी वडील खुटबावहून मला न्यायला हजर. सर समजावून थकले. शेवटी मामा वडिलांबरोबर स्टँडपर्यंत चालत गेले. वाटेत काय बोलले कोण जाणे. वडील एकटेच एसटीत बसले आणि मला निरोप आला, नाटक संपल्यावर ये.

स्पर्धा दौंडला होती, स्टेशनजवळच्या एका हॉलमध्ये. न्हावऱ्यावरून एसटीनं गेलो. बाकी सामान टपावर, पण बरणी मामांनी पोत्यात गुंडाळून मांडीवर घेतली होती. रस्ता असा की आमचे दात वाजत होते, बरणीला मात्र टवका गेला नाही. प्रयोगात दर पाच मिनिटांनी इंजिनाची शिट्टी व्हायची आणि आम्ही वाक्य थांबवून पुन्हा घ्यायचो. शेवटी मी हातोडा घेऊन बसले आणि उजेड उतरायला लागला. माझ्या हातावरचा, मग पदरावरचा, मग समोरच्या खडीवरचा. शिट्टी झाली नाही, कुणी खोकलं नाही. विंगेत मामांचा हात वर जाताना मला दिसत होता. पहिला नंबर आमचा आला.

ढाल घेऊन शिरूरला आलो आणि सेक्रेटरींना नाटक एकदम आवडायला लागलं. ढालीबरोबर त्यांचा फोटो निघाला, त्यात सर टोकाला होते आणि मामा नव्हतेच. महिन्याभरानं गॅदरिंग होतं. पत्रिकेत छापलं की नाट्यकलेला उत्तेजन दिल्याबद्दल माननीय सेक्रेटरींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. सर तिसऱ्या रांगेत बसणार, मामा पडदा ओढणार. आणि आभारप्रदर्शन माझ्याकडे. कुणाकुणाचे मानायचे त्याची यादी सेक्रेटरींच्या हस्ताक्षरात मला मिळाली. मंडपवाल्याचं नाव होतं, माइकवाल्याचं होतं, सेक्रेटरींच्या मेहुण्याचंही होतं. सर आणि मामा नव्हते.

मी ती यादी फाडली नाही. घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली आणि चार दिवस आत्याच्या गोठ्यात म्हशीपुढं भाषण पाठ केलं. त्या चार दिवसांइतकं सुख मला परीक्षेच्या निकालानंही दिलं नाही. सूड घ्यायचा आहे आणि तो हातात आहे, याची एक गोडी असते, ती ज्यानं चाखली नाही त्याला सांगून कळायची नाही.

गॅदरिंगला मांडव भरला होता. सत्कार झाला, सेक्रेटरी शाल पांघरून बसले, अध्यक्षांचं भाषण झालं, मग मी उठले. पाहुण्यांचे, प्राचार्यांचे आभार रीतसर मानले. मग म्हटलं, सेक्रेटरी साहेबांचे आभार मानावेत तेवढे थोडे. त्यांनी हॉलची किल्ली दिली नाही, म्हणून आम्हाला व्हरांड्यात मोठ्यानं बोलायची सवय लागली. त्यांनी माझ्या वडिलांपर्यंत माझी कीर्ती पोचवली, म्हणून वडिलांना कळलं की मुलगी चांगलं काम करते. त्यांनी नाटकाचा एकही प्रवेश पाहिला नाही, म्हणून आम्ही न घाबरता काम करू शकलो. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. पुढच्या रांगेतले प्राध्यापक मान खाली घालून हसत होते. मला चेव चढला.

मग सरांचं नाव घेतलं, टाळ्या पडल्या. मग मामांचं. इथं थांबायचं होतं. पण मला दाखवायचं होतं की शाल कुणाच्या खांद्यावर हवी होती, आणि ते दाखवायचं तर पुरावा द्यायला हवा असं वाटलं. म्हणून मी सगळं तपशिलात सांगितलं. लॅबमधली काचेची बरणी, शिशाच्या पट्ट्या, एवढी लांब वायर, आणि हे सगळं पोत्यात बांधून मामांनी मांडीवर घेऊन दौंडला कसं नेलं ते. बोलता बोलता विंगेकडे पाहिलं. मामा पडद्याची दोरी धरून उभे होते आणि दुसरा हात हलवत होते, पुरे, पुरे. मला वाटलं, माणूस किती विनयी. म्हणून मी आणखी दोन वाक्यं बोलले.

सगळ्यात जास्त टाळ्या सेक्रेटरींनी वाजवल्या. हसत हसत त्यांनी खिशातली डायरी काढली आणि काहीतरी टिपून घेतलं. मला वाटलं, लाज झाकतायत.

आठवड्यानं मामांना मेमो आला. डेडस्टॉक रजिस्टरमधल्या वस्तू लेखी परवानगीशिवाय कॉलेजबाहेर, किंबहुना तालुक्याबाहेर नेल्याबद्दल खुलासा करावा, आणि खाली, ‘आभारप्रदर्शनाच्या भाषणात सर्वांसमक्ष नमूद झाल्याप्रमाणे’. मी सेक्रेटरींच्या केबिनमध्ये घुसले. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला.

“पोरी, तू बोललीस ते लई बरं केलंस,” ते म्हणाले. “आम्हाला कसं कळणार व्हतं?”

त्या चहाचा कप मी त्यांच्या अंगावर फेकायला हवा होता. फेकला नाही. तिथं माझी जीभ टाळूला चिकटली, आणि माझ्या जिभेनं आयुष्यात एवढा एकदाच मला दगा दिला.

सरांनी लेखी दिलं की वस्तू माझ्या सांगण्यावरून नेल्या, कारवाई करायची ती माझ्यावर करा. ज्यांनी ‘न्या’ म्हटलं होतं ते लॅबचे प्रमुख त्या आठवड्यात रजेवर गेले. सेक्रेटरींनी सरांचं पत्र वाचलं आणि त्यांना माफ करून टाकलं. तुम्ही कलावंत माणसं, म्हणाले, तुमच्याकडून व्हायचंच. भूगोलाचा प्राध्यापक शोधायला त्रास पडतो, शिपाई कुठेही मिळतो. मामांची बदली झाली, संस्थेच्या दौंड तालुक्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत. तिथं लॅब नव्हती, स्टेज नव्हतं. पाणी भरायचं आणि घंटा द्यायची.

सर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि एवढंच विचारलं, “मामांचा हात कशासाठी हलत होता, ते तुला खरंच कळलं नाही?” आणि खडू ठेवून ते निघून गेले.

मग मी दुसरा सूड रचायला घेतला. मला तेवढंच येत होतं. निवेदन लिहिलं, सेक्रेटरींनी राजीनामा द्यावा. पोरांच्या सह्यांची पाच पानं भरली. पुण्याच्या पेपरला द्यायचं ठरलं. फक्त मामांची हकिगत त्यांच्या सहीनिशी हवी होती, त्याशिवाय पेपरवाले छापणार नव्हते. त्यांची शाळा माझ्या गावापासून चार मैलांवर. शिमग्याला घरी गेले तेव्हा एका शनिवारी भावाची सायकल घेतली आणि निघाले.

शाळा सकाळची, सुटली होती. मामा रांजण भरत होते. मला पाहून त्यांना आनंद झाला, हे मी शपथेवर सांगते. आत्याची चौकशी केली, सरांची केली, पाणी दिलं. व्हरांड्यात बसलो. मी निवेदन काढून वाचून दाखवलं. चांगलं झालं होतं, प्रत्येक वाक्य त्या माणसाला लागेल असं होतं. मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“कुणासाठी लिवलंयस हे?” त्यांनी विचारलं.

“तुमच्यासाठी, मामा.”

“माझ्यासाठी न्हाई. तवाबी न्हाई आन् आताबी न्हाई. त्याला हाणायला तुला दगूड पायजे व्हता. हाताशी मी व्हतो.” त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. “मी हात हलवून सांगत व्हतो, तू बगितलंस, आन् तरी बोलत ऱ्हायलीस. आता परत उचलाया आलीस व्हय?”

मला आधी रागच आला. त्यांच्यासाठी एवढ्या उन्हात सायकल मारत आले, आणि हे बोलणं. तोंडापर्यंत आलं होतं की तुमची लढाई लढतेय आणि तुम्ही रांजण भरत बसा. ते मी बोलले नाही, बरं झालं. कारण मागोमाग मांडवातला तो हात डोळ्यांपुढं आला, आणि मग मला कळलं की मला तो हात तेव्हाही कळला होता. अर्धवट का होईना, कळला होता. शिट्ट्या चालू होत्या आणि मला थांबायचं नव्हतं, एवढंच. हे सरांना मी सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. त्या व्हरांड्यात मामांना सांगितलं. ते म्हणाले, म्हाइती हाय.

निवेदन फाडायला घेतलं तर त्यांनी हात धरला.

“फाडू नगं. मागली बाजू कोरी हाय.”

मग त्यांनी विचारलं, पुढच्या साली नाटक बसतंय का. मी म्हटलं, सर आता बसवत नाहीत, बत्तीला माणूस नाही म्हणतात, आणि बरणी कपाटात कुलूप घालून ठेवलीय. बरणीचं काय एवढं, ते म्हणाले, लोणच्याची चिनी मातीची बरणी चालते, तुझ्या आत्याकडं असंल. पट्ट्या जुन्या बॅटरीतल्या मिळतात. सरांना म्हणावं, बसवा. बत्ती ही करंल. ही म्हणजे मी.

गुडघ्यावर दप्तर, दप्तरावर निवेदन उलटं, आणि हातात पेन. मामा सांगायला लागले आणि मी लिहायला लागले, बरणी केवढी, पाणी किती. त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, ते मागनं. सगळ्याच्या वर एक वळ सोड आन् तिथं पयलं हे लिव.

“बरणीत दुसऱ्याचा हात असतो. म्हणून बटणाला हात घालायच्या आधी, तो हात काय म्हणतोय ते बगायचं.”

मी लिहिलं. वाच, ते म्हणाले. मी वाचून दाखवलं.